गतिरोधकांची चौकशी करणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

तुमच्या कॅज्युअल्टीत रोज इतकी माणसं येतात, की आम्ही तुमच्या लक्षात नसू. श्रावणातल्या एका रात्री अडीचच्या सुमारास धनकवडीहून रिक्षाने आलेल्या, गुडघे पोटाशी घेऊन कण्हणाऱ्या आजी आठवतात का? ती माझी आई.

संध्याकाळी बेंबीभोवती कळा सुरू झाल्या तेव्हा गॅस असेल म्हणून आम्ही हिंगाचा लेप लावला, ओवा चावायला दिला. रात्री दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि तिला पाय लांब करवेनात. आधी आम्ही दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथे सांगितलं, सर्जन बघेपर्यंत वेदनाशामक मिळणार नाही, दुखणं दबलं तर निदान चुकेल. दोन तास आई पदराचा बोळा तोंडात धरून पडली होती, शेजारच्या कॉटवरचं लहान पोर जागं होऊ नये म्हणून. ते दोन तास मला अजून झोपू देत नाहीत.

तुम्ही विचारलंत, "आजी, येताना गतिरोधकावर जास्त दुखलं का?" एवढ्या कळांतही ती म्हणाली, "बाळा, एकेक मोजलाय." पोटाच्या आतलं आवरण सुजलं की असा हादरा सोसवत नाही, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, हेही विचारलंत. नऊ, म्हणाली. पोट तपासलंत आणि सिस्टरना शिरेतून मॉर्फिन, म्हणजे जोरदार वेदनाशामक, द्यायला सांगितलंत.

तेव्हा मीच आडवी आले. आधी निदान करा, म्हणाले. तुम्ही चिडला नाहीत. ही समजूत सोनोग्राफी-सीटी नव्हते त्या काळातली, असं सांगितलंत. झॅकरी कोप या ब्रिटिश सर्जननी १९२१ साली तीव्र पोटदुखीवर पुस्तक लिहिलं, त्यात निदानाआधी मॉर्फिन देऊ नये म्हटलं होतं, आणि डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी ते पाळलं. पुढे रुग्णांवर अभ्यास झाले. औषध दिल्याने निदान चुकण्याचं प्रमाण वाढल्याचं त्यांत दिसलं नाही. "दुखणं कमी होईल ताई, पण आतली सूज कुठे जात नाही. हात लावला की ती सांगतेच."

मग थोडं औषध, थोडं थांबून पुन्हा थोडं. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला, आणि तुमची नजर तिच्या श्वासाकडे. वीसेक मिनिटांनी आईने पाय लांब केले. तुम्ही पुन्हा पोट तपासलंत. मघाशी हात लावू देत नव्हती, सगळं पोट घट्ट धरून होती. आता तिने बोट ठेवून नेमकी जागा दाखवली. सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स दिसलं.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची फार ऋणी आहे. सर्जन मॅडमनी आधी आई पुरती भानावर आहे ना, याची खात्री केली, मग ऑपरेशन समजावलं. आईनेच प्रश्न विचारले. भूल कशी देणार, टाके किती, घरी कधी. संमतीपत्रावर सहीही तिनेच केली. कळांनी तळमळणाऱ्या माणसाला यातलं काय कळलं असतं? त्याच्यापुढे कागद धरला तर तो कशावरही सही करेल. त्या रात्री आईच्या शरीराचा निर्णय आईनेच घेतला, तो तुमच्यामुळे.

पहाटे ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी घरी आली.

तुमच्या हाताखाली शिकणारी जी मुलं त्या रात्री भोवती उभी होती, त्यांना हे सांगत राहा, एवढीच विनंती. उद्या तीच दुसऱ्या कुठल्यातरी कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असतील, आणि समोर कुणाची तरी आई असेल.

परवा येऊन गेले, तुमची ड्यूटी नव्हती. नारळाच्या वड्यांचा डबा सिस्टरांकडे ठेवला आहे. वड्या आईने बसल्या बसल्या थापल्या आहेत. डबा परत पाठवू नका. तो न्यायला ती स्वतः येणार आहे.

तुमची कृतज्ञ,
त्या आजींची मुलगी