शेवाळाला नुसती घाण म्हणू नका, ते पाण्यातला धातू पकडतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात एक फोटो ठरलेला असतो, गिरणेच्या नाहीतर वाघूरच्या डबक्यात हिरवंगार शेवाळ आणि खाली लिहिलेलं असतं की पाणी दूषित झालं. फोटो खराच असतो, पण डोळ्याला दिसतं तेवढ्यालाच आपण घाण म्हणतो आणि पाण्यात विरघळलेलं निकेल, क्रोमियम, शिसं, कॅडमियम याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. गावाकडे केळीत पडण्याआधी १४ वर्षं मी एका प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा चढवायच्या, शॉपमध्ये होतो. नळाच्या तोट्या, गाड्यांचे पार्ट, आधी निकेलच्या टाकीत, मग क्रोमच्या टाकीत आणि शेवटी साध्या पाण्यात बुडवून धुवायचे. ते धुण्याचं पाणी हळदीसारखं पिवळं होतं. त्यात ॲसिड आणि बायसल्फाइट टाकलं की पिवळं पाणी डोळ्यादेखत हिरवं होतं, म्हणजे जास्त विषारी क्रोमियमचं कमी विषारी क्रोमियम झालं, मग चुना टाकायचा, गाळ खाली बसला की वरचं पाणी सोडायचं. काम असं करायला पाहिजे. पण बायसल्फाइट संपलेलं असलं, ऑर्डरची घाई असली की पिवळं पाणी तसंच गटारीत जायचं, गटार नाल्यात आणि नाला नदीत. कितीतरी वेळा तो व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं उघडलाय आणि आज नदीच्या पाण्यावर केळी करताना ते रोज आठवतं. क्रोमच्या टाकीवर उभा राहणाऱ्या आमच्यातल्या एकाच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं, त्या वाफेनं पडतं ते.

शेण कुजतं, मेलेलं जनावर कुजतं, धातू कुजत नाही. पाणी उकळलं तरी तो जात नाही, उलट पाणी आटतं आणि धातू तेवढाच राहतो. ब्लीचिंग पावडरनं जंतू मरतात, धातूला काही होत नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००, २०१२) एका लिटरला शिसं ०.०१ मिलिग्रॅम, निकेल ०.०२, एकूण क्रोमियम ०.०५ आणि कॅडमियम तर फक्त ०.००३ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे, यावरून समजा किती थोड्या धातूनं नुकसान होतं. जपानमध्ये जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम उतरलं, तेच पाणी भाताला गेलं, तोच भात लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ला आणि बायांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या दुखण्याचं नावच 'दुखतंय दुखतंय' असं पडलं. ते कॅडमियममुळे झालं हे तिथल्या सरकारनं १९६८ साली मान्य केलं. नदीचं पाणी शेताला देणारे आपणही आहोत.

आता शेवाळाचं. माझी भाची बॉटनीत एमएस्सी करते. मी गुरांच्या हौदातलं हिरवं पाणी ओतून द्यायला निघालो तर म्हणाली, "मामा, हाई शेवाय घान नही शे." तिनं ते पाणी काचेच्या बरणीत भरून उन्हात ठेवलं, थोड्या वेळानं बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले. नुसत्या डोळ्यांना ते फक्त हिरवं पाणी दिसतं, पण त्यात क्लोरेला, सेनेडेस्मससारखे एका पेशीचे किंवा चार-चार पेशींचे जीव असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे. त्यांच्या पेशीच्या भिंतीवर ऋण भार असतो आणि निकेल, शिसं, कॅडमियम पाण्यात धन भार घेऊन फिरतात, म्हणून ते तिथे जाऊन चिकटतात, आणि हे काही मिनिटांत होतं. त्यानंतर जिवंत पेशी त्यातला काही भाग आत ओढते आणि बांधून ठेवते, त्याला वेळ लागतो. चिकटण्याचं काम मात्र मेलेलं, वाळवलेलं शेवाळही करतं, आणि खान्देशासाठी मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, त्यात क्लोरेला तग धरणार नाही, पण हिवाळ्यात वाढवून ताडपत्रीवर वाळवून पावडर करून ठेवायला आपल्याइतकं ऊन कुणाकडे आहे? (केळीच्या सालीच्या पावडरवरही असे प्रयोग झालेत, आणि साल आपल्याकडे काय कमी आहे.)

चुना दाट, म्हणजे धातू जास्त असलेल्या, पाण्यावर चांगला चालतो. शेवटचा जो पातळ अंश राहतो तो काढायला खर्च फार येतो, आणि शेवाळ तिथेच कामाला येतं. पण एकच टाकी सगळ्याला चालणार नाही. निकेल, शिसं यांना पाणी किंचित आंबट लागतं, पीएच ५-६ च्या जवळ, आणि पिवळं क्रोमियम पाण्यात ऋण भारानं असतं म्हणून त्याला खूप आंबट, पीएच २ च्या आसपास लागतं. म्हणजे क्रोमचं पाणी वेगळं आणि निकेलचं वेगळं धरावं लागेल, शॉपमध्ये आम्ही दोन्ही एकाच गटारीत सोडायचो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघेल. नदीत शेवाळ वाढलं म्हणजे नदी साफ झाली असं अजिबात नाही. शेवाळ धातू धरून ठेवतं, संपवत नाही. ते तिथेच मेलं, सडलं की धातू परत पाण्यात नाहीतर गाळात, किंवा मासळीच्या पोटात. शिवाय साचलेल्या पाण्यातली काही निळी-हिरवी शेवाळं स्वतःच विष सोडतात, जनावरांना ते पाणी पाजू नये. म्हणून हे काम नदीत नाही, शॉपच्या गटारीच्या तोंडाशी टाकीत व्हायला पाहिजे आणि शेवाळ वेळच्या वेळी बाहेर काढायला पाहिजे. पेशी इतक्या बारीक की फडक्यानं गाळता येत नाहीत, पण आम्ही बरणीत तुरटी फिरवली तर दोन-अडीच तासात हिरवा थर तळाला बसला. काढलेलं शेवाळ पातळ ॲसिडनं धुतलं की धातू सुटतो आणि तेच शेवाळ पुन्हा वापरता येतं. शेवटी जे उरेल ते घातक कचरा म्हणूनच गेलं पाहिजे. खत म्हणून शेतात नाही, ढेपेत मिसळून गुरांना तर मुळीच नाही. हे आत्ताच बजावतोय कारण फुकट मिळालेली वस्तू आपल्याकडे शेतात पडायला वेळ लागत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि एमआयडीसीला माझी विनंती आहे की छोट्या प्लेटिंगवाल्यांना नुसत्या नोटिसा देऊन भागणार नाही, त्यांच्याकडे ना जागा ना केमिस्ट, तेव्हा पाच-सहा शॉप मिळून एक टाकी उभारून द्या आणि शेवाळ काढायला पगारी माणूस ठेवा, त्याच्या सहीचं रजिस्टर ठेवा. आमचं विद्यापीठ गिरणेच्या जवळच आहे, तिथल्या पोरांना एक गटार प्रयोगाला द्या. आणि तुम्ही पुढच्या वेळी हिरव्या डबक्याचा फोटो छापाल तेव्हा त्या पाण्याचा निकेल आणि क्रोमियमचा रिपोर्ट मागवून सोबत छापा.

धुण्याचं पाणी दिवसातून किती वेळा सुटतं, कधी पिवळं असतं आणि कधी मुद्दाम रात्री सोडतात हे मला माहीत आहे. कुणी हे काम हातात घेतलं तर मी रोज यायला तयार आहे, येण्याजाण्याचं भाडंही नको.

आपला,
गिरणाकाठचा एक केळी उत्पादक, जि. जळगाव