कच्छला येतोयस ना, मग हा प्लॅन वाच

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मंद्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला रे, अर्ध्यात नुसता लोकलचा खडखडाट आहे, पण मुद्दा कळला की पोरांना वाळवंट दाखवायचंय आणि जैसलमेर की कच्छ ते मी सांगायचं. उंटावर बसून वाळूच्या टेकडीवर फोटो काढायचा असेल तर सरळ जैसलमेर गाठ, कच्छच्या रणात, म्हणजे इथल्या खाऱ्या वाळवंटात, तसली वाळू नाहीच. इथं मीठ आणि चिखल. पावसाळ्यात समुद्राचं पाणी आत रेटलं जातं, वरून नद्यांचं येतं, सगळं परातीसारखं भरतं आणि मग महिनोन् महिने आटत बसतं, शेवटी उरतं ते पांढरं मीठ. म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा हट्ट सोड, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाणीच असतं, डिसेंबरअखेर नाहीतर जानेवारीत ये.

आणि प्लीज ते पॅकेज घेऊ नकोस. पांढऱ्या रणाच्या कडेच्या धोरडो गावी तंबूत राहायचं, रात्री गाणीबजावणी, सकाळी बफे, की चालले परत, आणि वर म्हणायचं कच्छ झालं! माझं मत विचारशील तर कच्छमध्ये पाण्याचा माग काढत फिरायचं, कुठं साठवलं, कुठून निघून गेलं, कुणाला गाव सोडायला लावलं. आम्हा बडोदेकरांना ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीनं नको इतकं पाणी दाखवलं, त्यामुळे असेल कदाचित, पण मला तिथं हेच दिसत राहतं.

तर तू बडोद्यापर्यंत ट्रेननं ये, पुढे आपली गाडी. टूरवाले आधी भुज करतात, आपण उलटं जाऊ. पहिला मुक्काम छोट्या रणाच्या कडेला, बजाणा नाहीतर झैनाबादकडे. पोरं खूश होतील, कारण तिथं घुडखर म्हणजे रानगाढवं कळपानं पळताना दिसतात, अभयारण्य जवळजवळ ५,००० चौरस किलोमीटरचं आहे. पण तू अगरियांची, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांची, मिठागरं बघ. जमिनीखालचं खारं पाणी पंपानं वर काढून वाफ्यात सोडतात, अख्खा हंगाम कुटुंबकबिल्यासकट रणातच झोपडी टाकून राहतात, आणि प्यायचं पाणी मात्र टँकरचं.

तिथून सामखियाळी, रापर करत धोळावीरा. इथं घाई केलीस तर भांडण होईल आपलं. खडीर बेटावर, चारी बाजूंनी रण, आणि मध्ये साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं हडप्पा काळातलं शहर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मानसर आणि मनहर नावाचे दोन ओढे, तेही फक्त पावसात वाहणारे, त्यांना बांध घालून पाणी शहराभोवतीच्या हौदांत वळवलेलं. पूर्वेचा हौद तर ७३ मीटर लांब आणि १० मीटरच्या वर खोल, दगडी पायऱ्यांनी खाली उतरता येईल असा. काठावर उभा राहिलो की मला आमच्या सोसायटीची पाण्याची मीटिंग आठवते, असो. उत्तरेच्या दरवाज्यापाशी दहा अक्षरांची मोठी पाटी सापडली होती, ती अजून कुणाला वाचता आलेली नाही.

धोळावीराहून खावड्याकडे नवीन रस्ता झालाय, ज्याला सगळे रोड टू हेवन म्हणतात, दोन्हीकडे पांढरं मीठ किंवा पाणी आणि मधून सरळ डांबरी पट्टा. रीलवाले मधोमध आडवे पडलेले असतात, हॉर्न वाजवत जावं लागतं. पुढे काळो डुंगर, कच्छमधली सगळ्यात उंच जागा, ४६२ मीटर. काकूंना आणणार असशील तर सांग त्यांना, वर दत्ताचं देऊळ आहे. आरतीनंतर पुजारी ओट्यावर गोड भात ओततो आणि 'लोंग, लोंग' अशी हाळी देतो, मग खालच्या झुडपातून कोल्हे येतात, भात खातात, जातात. रोज येतीलच असं नाही हं.

पांढऱ्या रणाचं परमिट काढावं लागतं, ते माझ्याकडे लागलं. वाटेत भिरंडियाराला मावा घ्यायचा, गरमच खायचा. रणात पोरांना जुने बूट घाल, कडेला मिठाचा पापुद्रा कर्रकन् मोडतो आणि खाली काळा गाळ असतो, पाय घोट्यापर्यंत जातो.

भुजमध्ये आईना महाल बघ, पण मला हमीरसर तलाव जास्त आवडतो, तो भरून ओसंडला की शहराला सुट्टी मिळते आणि मेघलाडू वाटतात! भुजियो डुंगरावर २०२२ ला स्मृतिवन उघडलं, तिथं छोटे छोटे बंधारे आहेत आणि २००१ च्या भूकंपात गेलेल्यांची नावं लावलीत. तिथं फार बोलवत नाही. जवळच अजरखपूर. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं कापड, ते छापणारे खत्री आधी धमडक्याला असायचे, पण भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, म्हणून त्यांनी हे नवं गाव वसवलं. वहिनीला दुपट्टे घ्यायला इथंच थांबव, भुजच्या बाजारात नको. निरोण्याचं रोगन कामही दाखवू, एरंडाच्या तेलाचा घट्ट रंग तळहातावर मळून काडीनं त्याचा धागा ओढत कापडावर नक्षी काढतात, अर्धीच काढतात आणि कापड दुमडून दुसरी बाजू उठवतात.

मग लखपत, तिकडे टूरवाले सहसा फिरकत नाहीत. बंदर होतं, रोजची लाख कोरींची (कोरी म्हणजे कच्छचं जुनं नाणं) उलाढाल असं सांगतात, १८१९ च्या भूकंपात जमीन उचलली गेली, सिंधूचा फाटा तुटला आणि गाव हळूहळू ओस पडलं. सात किलोमीटरचा कोट तसाच उभा आहे, आत हाताच्या बोटावर मोजण्याइतकी घरं. गुरुद्वाऱ्यात लंगर मिळतं, जेवायचं तिथंच.

शेवटी मांडवी, आमची बडोद्याच्या चार दरवाज्यातली नव्हे, समुद्रावरची. लाकडी जहाजं बांधतात ते बघायचं, खरी दाबेली खायची की परत. विजय विलास पॅलेस ऑप्शनल, तिकिटाएवढं काही वाटलं नाही मला.

रोज बरंच ड्रायव्हिंग आहे, सहा दिवस तरी काढ, चार दिवसांत म्हणशील तर लखपत कापावं लागेल आणि ते मी कापणार नाही. रजा मंजूर झाली की लगेच कळव, पौर्णिमा धरून यायचं असेल तर धोरडोकडची राहायची जागा आत्ताच सांगून ठेवायला हवी.

तुझा,
अव्या