पाणी परसात पडतं, काका

काका, नमस्कार.

परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला. लाइट गेली होती. आई बॅटरी घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली आणि पत्र्यावरची धार कुठे पडते ते बघत राहिली. बऱ्याच वेळाने मला हाक मारून म्हणाली, "परसात पडते गं. सगळी परसात." मी तिथेच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहायचं. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "ठेव आता, जेवून घे" म्हणता आणि माझं बोलणं राहून जातं.

ज्यांना आपली गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगते. आमचं घर अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, भर गावठाणात. पुढची ओसरी धाब्याची. सागाचे खांब, तुळया, त्यावर माती, भिंती दीड-दोन फूट रुंद. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतानाही त्या ओसरीत दुपारी झोप लागते. मागचा भाग मात्र खचला होता. ओसरी ठेवायची, चौकाच्या पलीकडे स्लॅबची खोली, त्यामागे पत्र्याचं स्वयंपाकघर, एवढं ठरलं. मिस्त्रींनी वहीच्या कागदावर नकाशा काढून दिला. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "रेघा मला कळत नाहीत. घर दाखव."

म्हणून मी घराचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर घेऊन बसले. मी शाळेत शिकवते, कॉम्प्युटरची भीती नाही, तरी पंधरा दिवसांत हात टेकले. स्वयंपाकघरावर एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरणारा पत्रा हवा होता, तर तीन बाजूंनी उतरणारं छप्पर येई. गच्चीवर कठडा काढला की त्याच्यावर छप्पर उगवे. भिंत आणि पत्रा यांच्यात त्रिकोणी भोक राही आणि त्यातून आकाश दिसे. शाळेतल्या तुमच्या मुलीने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "बाबांना विचार. आयुष्य बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेलंय त्यांचं, आणि रिटायर झाल्यावर हेही शिकले."

तुम्ही फाइल मागवलीत. रात्री साडेआठला फोन आला. मला वाटलं होतं, कुठलं बटण दाबायचं ते सांगाल. तुम्ही आपल्या अहिराणीत विचारलंत, "पानी कथा जाई, बेटा?" पाणी कुठे जाईल?

मला उत्तर देता येईना. तुम्ही म्हणालात, छप्पर फिरवून बघ, उजवीकडचा उतार कुठे जातो. तो शेजारच्या आजोबांच्या मातीच्या भिंतीवर जात होता. गावठाणात शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी पडणं काय असतं हे खान्देशात कोणाला सांगावं लागत नाही. दोन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. कॉम्प्युटरवर मला ते नुसतं चुकीचं छप्पर दिसत होतं. तुम्हाला त्यात भिजलेली भिंत दिसली.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय: या सॉफ्टवेअरमध्ये छप्पर आपण काढत नाही, ते भिंतींना विचारून येतं. खोलीच्या प्रत्येक बाहेरच्या भिंतीला ते विचारतं, तुझ्यावरून उतार येऊ का? आपण काही सांगितलं नाही, तर प्रत्येक भिंत हो म्हणते आणि सगळीकडून उतार येतो. मी पंधरा दिवस छपराशी भांडत होते. त्याचं उत्तर भिंतीवर क्लिक केलं की उघडणाऱ्या सेटिंगच्या चौकटीत होतं. बाजूच्या दोन्ही भिंतींना 'गेबल' सांगितलं, म्हणजे तुमच्यावरून उतार नको. स्लॅबच्या खोलीला टेकलेल्या भिंतीला उंच बाजू केलं, 'हाय शेड'. परसाकडच्या भिंतीलाच उतार ठेवला. छप्पर पुन्हा बांधलं आणि मला हवा तो एकपाखी पत्रा समोर आला. मी फोनवर ओरडलेच होते.

उताराचा आकडाही तुम्हीच सोपा केलात. ते बारात दोन, बारात तीन असं लिहिलेलं असतं, ते मला गणितासारखं वाटे. तुम्ही म्हणालात, "अगं, मिस्त्री काय म्हणतो? फुटाला दोन इंच. तेच आहे हे." बारा फूट खोल खोली, फुटाला दोन इंच, म्हणजे वरची बाजू खालच्यापेक्षा चोवीस इंच उंच. दोन फूट. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना मी दोन फूट सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. पडद्यावरचा आकडा आणि मिस्त्रींच्या तोंडचा आकडा एक झाला, तो माझ्यासाठी मोठा दिवस होता.

तरीही एका कोपऱ्यात छपराची कड अडखळत होती, एक बारीक पायरी राही. ती तुम्हाला फाइल उघडताच दिसली असणार, पण तुम्ही मला शोधायला लावलंत. स्वयंपाकघराच्या एका बाजूची अर्धी भिंत जुनी होती, मातीची, अठरा इंची. पुढे तीच नवीन विटांची, नऊ इंची. मी दोन्ही भिंतींचे मध्य जुळवले होते, त्यामुळे बाहेरच्या कडा साडेचार इंचांनी चुकत होत्या. आपल्या डोळ्यांना ती एकच भिंत, सॉफ्टवेअरला दोन. तुम्ही म्हणालात, "मिस्त्री दोरी बाहेरून लावतो. तू पण बाहेरून लाव." बाहेरची कड एका दोरीत आणली आणि ती पायरी गेली. जो कोणी जुन्या मातीच्या भिंतीला नवीन वीटकाम जोडून असं मॉडेल करत असेल, त्याने हे आधी तपासावं. माझे चार दिवस यात गेले.

त्रिकोणी भोकाचं मात्र मला वाईट वाटलं, कारण ते मीच पाडलं होतं. उतरत्या पत्र्याखाली बाजूच्या भिंतीवर जो त्रिकोण उरतो, तो भरायला सॉफ्टवेअर वरच्या माळ्याच्या पातळीवर आपोआप भिंती घालतं. प्लॅनमध्ये मला त्या उपऱ्या रेघा वाटल्या आणि मी त्या एकेक करून पुसल्या. तुम्ही रागावला नाहीत. "पुसण्याआधी तिला विचारायचं, तू कोणाला धरून उभी आहेस," एवढंच म्हणालात. हे वाक्य मी सातवीच्या वर्गात भूमितीच्या तासाला वापरलं.

आता कठड्याचं, कारण आईला खरी काळजी त्याचीच होती. आमच्याकडे गच्ची म्हणजे फक्त गच्ची नसते. उन्हाळ्यात बिबडे आणि कुरडया तिथेच वाळतात, रात्री सगळे तिथेच झोपतात. चौकातून जिना वर येतो आणि भावाची मुलगी दोन वर्षांची आहे. जिन्याच्या तोंडापासून बाकीची गच्ची वेगळी करणारा एक कठडा आणि त्याला छोटं फाटक आईने मागितलं होतं. मी तो काढला की जिन्यापुढच्या तुकड्यावर छप्पर येऊन बसे. तुमच्याकडून कळलं की सॉफ्टवेअरच्या लेखी कठडा हीसुद्धा भिंतच असते. भिंत आडवी घातली की एका खोलीच्या दोन खोल्या होतात, आणि नवीन खोलीला कोणी नको म्हटलेलं नसतं, म्हणून तिच्यावर छप्पर येतं. 'या खोलीवर छप्पर' ही खूण काढली आणि आकाश मोकळं झालं. दुसरा मार्गही तुम्ही दाखवलात, कठड्याला खोली पाडायचं कामच द्यायचं नाही. मला तोच जास्त आवडला, कारण गच्ची एकच राहिली.

उंची एक मीटरपेक्षा कमी नको, उभ्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा जास्त नको, आणि आडवे गज मुळीच नकोत, कारण लेकरू त्यांचीच शिडी करतं. शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. फॅब्रिकेशनवाल्याने आडव्या पाइपांची सुंदर डिझाइन दाखवली, स्वस्तही होती, तरी मी ऐकलं नाही.

नऊ रात्री तुम्ही फोनवर होतात. एका रात्री मधेच विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगितलीत. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच आपल्या खान्देशात, दातर्तीला, पांझरा नदीच्या पाण्यासाठी त्यांनी सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा बंद नळ, बांधला. "आपलंच खातं," असं तुम्ही म्हणालात तेव्हा तुमचा आवाज बदलला होता. इतकी वर्षं तुम्ही ट्रेसिंग पेपरवर दुसऱ्यांचे पूल, शाळा आणि दवाखाने काढलेत, आणि खाली सही मात्र साहेबांची. आमच्या स्वयंपाकघराच्या नकाशावर तुमचं नाव घालायचं होतं, तुम्ही नको म्हणालात. म्हणून हे पत्र.

दहाव्या दिवशी तुम्ही स्वतः एसटीने आलात, भर उन्हात, कागदावर मोजून खात्री करायला. आईला लॅपटॉपसमोर बसवलंत आणि मला म्हणालात, तू बोलू नकोस, तिला फिरू दे. आई ओसरीतून चौकात गेली, जिना चढली, कठड्याशी थांबली, परत खाली येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली आणि विचारलं, "ओट्यापाशी उजेड कुठून येतो?" खिडकी चुकीच्या भिंतीत होती. मी महिनाभर बघत होते, मला दिसलं नव्हतं. तिने पाच मिनिटांत पकडलं. बाबा गेल्यानंतर घराविषयी तिने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता, काका. तुम्हाला हे माहीत नव्हतं. आज सांगते.

खिडकी आता पूर्वेला आहे. सकाळी भाकरी थापताना तिच्या हातांवर ऊन येतं.

तुमची नकाशा मोजायची त्रिकोणी पट्टी त्या दिवशी आमच्याकडे राहिली. आईने ती फडताळात फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. पोस्टाने पाठवू देत नाही. थंडी पडली की भरताची वांगी येतील, कळण्याच्या पुऱ्या होतील, तेव्हा तुम्ही आणि काकू सकाळच्या गाडीने या आणि पट्टी घेऊन जा, असा तिचा निरोप आहे. शेजारचे आजोबाही जेवायला असतील.

तुमची,
नऊ रात्रींची विद्यार्थिनी