हप्ता परत गेला त्याबद्दल

मालवण, जुलै

चि. बाय हिस,
अ. उ. आ.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ५९० रुपयांचाच तर प्रश्न आहे." पावसामुळे रेंज धड नव्हती, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या होमस्टेच्या कर्जाचा हप्ता, खात्यात शिल्लक कमी म्हणून, न कापता परत गेला हे मला ५९० रुपयांच्या दंडापेक्षा मोठं वाटतं. बँकेत इतकी वर्षं क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवण्याच्या टेबलावर काढली, त्यामुळे जीव लागतो यात.

तू पाठवलेलं स्टेटमेंट चष्मा लावून नीट पाहिलं. ५ तारखेला हप्ता कापलेला दिसतच नाही. दिसतो तो फक्त रिटर्नचा दंड: ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हा तुझ्या बँकेचा. कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड वेगळा असतो, तो कर्जखात्यात लागतो. तिथलं स्टेटमेंट मागवून बघ.

पैसे नव्हते असं नाही, हे मला ठाऊक आहे. मे महिन्यातल्या पाहुण्यांचे पैसे क्यूआरच्या खात्यात पडून होते आणि हप्ता जातो जुन्या बचत खात्यातून. ५ तारखेला रविवार, बँक बंद, सोमवारी भरू असा तुझा हिशोब. आमच्या वेळी तो चालला असता. पण १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापणारी यंत्रणा, आठवड्याचे सातही दिवस चालते, रविवार असो की गणेश चतुर्थी. कर्ज घेताना तू मॅन्डेटवर सही केलीस, म्हणजे ठरल्या तारखेला कंपनीने मागावं आणि बँकेने द्यावं अशी लेखी परवानगी दिलीस. मागणी येते तेव्हा खात्यात जे आहे तेच मोजलं जातं. दुसऱ्या खात्यात लाखभर असले तरी मशीन तिकडे बघत नाही. म्हणून पैसे आदल्या दिवशीच, ४ तारखेला संध्याकाळी, त्या खात्यात असू देत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चेक बाउन्स झाला तर कोर्ट मागे लागतं हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. हप्ता परत गेला तर काही होत नाही, असं मात्र पुष्कळांना वाटतं. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायदा, २००७ याचं कलम २५ नेमकं याचसाठी आहे. शिल्लक कमी म्हणून इलेक्ट्रॉनिक पेमेंट परत गेलं, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा लेखी नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या बाबतीत तिथवर जाणार नाही, कारण तू ८ तारखेला भरलेस. पण रजिस्टर पत्र आलं तर ते न घेता परत पाठवू नकोस. माझ्यासमोर माणसांनी तसं केलेलं आहे, आणि मग वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

हप्ता हाताने भरलास ते बरोबर केलंस, पण कंपनीला मेल करून "रक्कम मिळाली, आता मॅन्डेट पुन्हा लावू नका" असं कळवलंस का? नाहीतर तोच हप्ता पुन्हा मागायला येतो आणि खात्यात नसला की पुन्हा ५९० जातात. आणखी एक बघ. २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की उशिराच्या दंडावर व्याज लावता येत नाही. तसं दिसलं तर भीड न ठेवता विचार. थकलेल्या दिवसांची माहिती कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडेही जाते. पुढे सोलरसाठी कर्ज काढायचं म्हणतेस ना, तेव्हा हेच दिवस समोर ठेवतील.

पाहुण्यांच्या पैशांबद्दलही सांगतो, कारण होमस्टेवाल्यांना फसवणारे पुष्कळ झालेत. "दोन हजारांऐवजी वीस हजार गेले, ताई, अठरा परत पाठवा," असा फोन आला की मेसेज किंवा स्क्रीनशॉट बघू नकोस, खातं उघडून शिल्लक बघ. मेसेज कोणीही बनवतो. कोणाचं यूपीआय खरोखरच अडकलं, पैसे कापले गेले आणि तुला मिळाले नाहीत, तर तू खिशातून देऊ नकोस. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते त्याच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. साधं ट्रान्सफर असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराच्या क्यूआरवर असेल तर पाच दिवसांत, आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेने त्याला १०० रुपये द्यायचे. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन कर, तासाभराने नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत हातात पैसा खेळत नाही. जावईबापूंची होडीही ३१ जुलैपर्यंत वर ओढलेलीच. म्हणून मेअखेरीस तीन हप्त्यांचे पैसे त्या बचत खात्यात टाकून विसरून जायचं, असं दरवर्षी कर. नाहीतर हप्ता क्यूआरच्या खात्यावरच वळवून घे. त्यासाठी नवीन मॅन्डेट द्यावा लागेल, आणि तो चालू झाल्याचं कळेपर्यंत जुना रद्द करायचा नाही.

मेलचं उत्तर आलं की मला पाठव. ऑगस्टच्या ४ तारखेला संध्याकाळी मी फोन करीन, तेव्हा शिल्लक सांग. आईने कुळथाचं पीठ दळून ठेवलंय, इकडून तुझ्याकडे हर्णैला कोणी येणार असेल तर कळव.

तुझा,
बाबा