तुझा ऑक कुठला?

नमस्कार मॅडम,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

त्या शुक्रवारी तुम्हाला फोन केला तेव्हा मी अगदी रडकुंडीला आलो होतो. पेमेंट अडकल्याच्या तक्रारी येत होत्या आणि सर्व्हरच्या लॉगमधले (नोंदींच्या फायलीतले) पाचशेच्या घरातले, म्हणजे सर्व्हरच्याच चुकीचे, एरर तासागणिक मोजून द्यायचे होते. लॉग तोच, स्क्रिप्ट तीच. माझ्या मॅकवर शेकड्यांनी एरर आणि सर्व्हरवर चालवली की शून्य. साहेबांना कुठला आकडा आवडला, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही स्क्रिप्ट उघडलीसुद्धा नाहीत. विचारलंत, "तुझा ऑक कुठला?" ऑक म्हणजे फायलीतल्या ओळी चाळून मोजदाद करणारं छोटं साधन. मनात म्हटलं, ऑकला काय गाव असतं? असतं! सर्व्हरच्या त्या जुन्या उबुंटू लिनक्सवर ऑकच्या नावाखाली त्याचाच भाऊबंद मॉक बसला होता आणि त्याच्या त्या आवृत्तीला रेगेक्समधला (शोधायच्या नमुन्यातला) महिरपी कंसातला आकडा कळतच नव्हता. मी लिहिलं होतं 'पाच आणि पुढे दोन अंक'. तो बिचारा लॉगमध्ये खरोखरचा कंस शोधत बसला, सापडला नाही आणि कुरकुर न करता शून्य देऊन मोकळा झाला. एरर फेकला असता तर मी तासाभरात सुटलो असतो.

वेळेचा घोळही तुम्हीच पकडलात. ॲपच्या लॉगमधली वेळ नुसत्या सेकंदांत. माझा लॅपटॉप तिचं रूपांतर भारतीय वेळेत करायचा, सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. मला वाटलं, आलेख थोडा सरकेल, एवढंच. पण फरक साडेपाच तासांचा, आणि तो वरचा अर्धा तास तासांचे कप्पेच मोडतो: आपली दहा ते अकराची गर्दी तिकडे साडेचार ते साडेपाच, म्हणजे अर्धी चारच्या कप्प्यात आणि अर्धी पाचच्या. सर्वांत वाईट तास कोणता, याचं उत्तरच बदलतं.

मग दोन संध्याकाळी बसून तुम्ही डॉकरचा कंटेनर, म्हणजे सगळी साधनं आत बंद केलेली पेटी, उभा करून दिलात. त्यात जीऑक, हा आकडा कळणारा ऑक. सॉर्टचा क्रम मशीनगणिक बदलू नये म्हणून लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) 'सी'. लॉगचं फोल्डर रीड-ओन्ली माउंट, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं, कारण मी एकदा मूळ लॉगवरच मजकूर बदलणारा सेड चालवला होता (हे तुम्हाला कसं कळलं, देव जाणे). नेटवर्क बंद, कारण लॉगमध्ये लोकांचे आयपी असतात. आणि 'लेटेस्ट' या टॅगला बंदी, कारण त्यामागची इमेज (कंटेनरचा साचा) बदलत राहते; इमेज फक्त डायजेस्टने, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाने.

टाइमझोन मात्र मी हट्टाने स्वतः लावला. एशिया-कोलकाता लिहिलं, वेळ दाखवणारं डेट चालवलं, तर वेळेपुढे आयएसटीच्या (भारतीय वेळेच्या) जागी नुसतं 'एशिया' आणि घड्याळ यूटीसीचंच! उबुंटूच्या इमेजमध्ये टीझेडडेटा (टाइमझोनची माहिती) नसतो, ते पॅकेज वेगळं टाकावं लागतं. तुम्ही हसलात, पण लगेच सांगितलं नाहीत. वीस मिनिटं मला शोधू दिलंत. त्या वीस मिनिटांचे आभार वेगळे.

डॉकरफाइल (इमेज बांधायची कृती) आहे, मग इमेज कशाला जपायची, असंही मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "कृती तीच असली तरी वाण्याकडचं पीठ दर वेळी वेगळं." महिन्याभराने इमेज पुन्हा बांधली तर पॅकेजं आणणारं आप्ट वेगळी आवृत्ती आणू शकतं. ते नीट सोडवायचं तर निक्स (आवृत्त्या पक्क्या बांधून ठेवणारं साधन) शीक, असं तुम्ही सांगितलंत. अजून शिकलेलो नाही, रागावू नका.

परवा ऑडिटवाल्यांनी तोच जुना रिपोर्ट पुन्हा मागितला. नव्या सहकारी मुलीने तिच्या लिनक्स लॅपटॉपवर कंटेनर चालवला, मी माझ्या मॅकवर. दोन्ही फायलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण) शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र उठून चहा घेऊन आलो.

रिपोर्टच्या पहिल्या ओळीत अजूनही तुमच्या नियमाप्रमाणे ऑकची आवृत्ती, लोकेल आणि टाइमझोन छापतो. आयएसटी दिसलं की मगच खाली वाचतो.

तुमचा,
शून्यवाला