रक्तातच आहे म्हणे

ऐरोली, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

ठाणे-ऐरोलीत मध्ये एक दिघा गाव स्टेशन तेवढं, तरी पत्र लिहितेय. फोनवर बाबा वाक्य पुरं करू देत नाहीत.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "चिनूचं पोट दुखतं त्यात नवल काय? घाबरटपणा आपल्या रक्तातच आहे. तुझे आजोबा तसे, मी तसा, तू तशी." फोन स्पीकरवर होता. रात्री पोरीने विचारलं, "म्हणजे मी कायम अशीच?"

मागच्या महिन्यात वर्गात चाचणीचे मार्क सगळ्यांसमोर वाचले, सर्वांत कमी असलेल्यापासून सुरुवात करून. तेव्हापासून गणिताच्या दिवशी डबा तसाच परत येतो. घाबरटपणा खरंच रक्तातूनच येतो का, ते मग आम्ही दोघी वाचायला बसलो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मीनींच्या गटाने २००४ साली उंदरांवरचं काम छापलं. आईने भरपूर चाटलेली पिल्लं घाबरली तरी लवकर निवतात. कमी चाटलेल्यांच्या मेंदूत, ताणाला लगाम घालणाऱ्या एका जनुकावर मिथाइल नावाच्या छोट्याशा रासायनिक गटाचे ठिपके जास्त बसतात आणि ते जनुक दबून राहतं. ("मिथेनमधला एक हायड्रोजन कमी," इति चिनू. दहावीचा तेवढा फायदा.) जनुकाची अक्षरं तीच, फक्त आवाज बारीक. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली, तर पिल्लं जन्म देणारीवर न जाता सांभाळणारीवर गेली! हे ऐकून चिनू पहिल्यांदा नीट जेवली.

माणसांचं इतकं सरळ नाही. मुलांच्या रक्तात, लाळेत अशा खुणा शोधतात, पण जिवंत मेंदू काही उघडून बघता येत नाही. शाळेच्या ताणाने चिनूच्या कुठल्या जनुकावर काय बसलं, बसलं की नाही, हे कुणी सांगू शकणार नाही. रक्ताचाही वाटा असतो, बाबा, तुम्ही अगदीच चुकला नाहीत. पण "रक्तात आहे" म्हटलं की पुढे काही करायचंच उरत नाही, तिथे माझं भांडण आहे.

आई, तू लगेच मनाला लावून घेशील, नोकरीपायी मला पाळणाघरात ठेवलं वगैरे. नको. माझ्या दहावीला गणिताच्या पेपरच्या सकाळी तू बेंबीभोवती हिंग लावत बसली होतीस, ऑफिसला उशीर करून. मला पेपर आठवत नाही, तुझा हात आठवतो.

संध्याकाळचा एक क्लास बंद केलाय. दर गुरुवारी समुपदेशक बाईंकडे जातो. १४४१६, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फ्रिजवर चिकटवलाय.

शनिवारी या. बाबा, तिला तलावपाळीला न्यायचं तर न्या, पण मार्कांचं विचारू नका. आई, हिंगाची डबी आण. घरात आहे, पण मी लावलेला चालत नाही म्हणे, आजीच हवी.

तुमची,
माई