आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : मोटर न्यूरॉनच्या पेशंटचं एक वर्ष वाया जातंय

मा. आरोग्यमंत्री महोदय,
नमस्कार.

बाबांना शर्टाचं बटण लावता येईना, इथून सगळं सुरू झालं. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो ना तो बसत चालला होता, करंगळीकडची बाजू मात्र ठणठणीत. याला डॉक्टर लोक स्प्लिट हँड म्हणतात आणि मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याचा आजार) ही खूण बऱ्याचदा दिसते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी मानेचा मणका म्हणाले, एमआरआयमध्ये एक चकती जराशी सरकलेली दिसली (त्या वयात कोणाची नसते?), मग कॉलर, मग फिजिओ, मग ऑपरेशन करायचं का यावर चर्चा, मग तीन महिन्यांनी परत या. निदान पक्कं व्हायला 14 महिने लागले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण राग त्यांच्यावर नाहीये. जगभरात या आजाराच्या निदानाला साधारण वर्ष जातंच म्हणे. आणि आजार सुरू झाल्यापासून बहुतेकांच्या हातात असतात दोन ते पाच वर्षं. म्हणजे बघा.

उशीर का होतो ते थोडक्यात सांगते, कारण माझं मागणं त्यातच आहे. या आजारात दोन प्रकारचे न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, मरतात, मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत येणारे वरचे आणि तिथून स्नायूपर्यंत जाणारे खालचे. खालच्यांसाठी ईएमजी म्हणजे स्नायूतल्या विजेची तपासणी आहे, सुई घातली की कळतं. वरच्यांसाठी काय? गुडघ्यावर हातोडी मारून बघायची आणि तळपायावर रेघ ओढून अंगठा वर जातो का बघायचं. या आजाराच्या निदानासाठी 2020 साली आलेल्या गोल्ड कोस्ट निकषांमध्येही वरच्या न्यूरॉनचा पुरावा म्हणजे अशाच, डॉक्टरांनी हाताने तपासलेल्या खुणा. आणि गंमत अशी की (गंमत कसली) स्नायूच आटला की हातोडीला उत्तर द्यायला तो उरतच नाही, म्हणजे खालचं नुकसान वरचं झाकून टाकतं आणि पेशंट ‘अजून थांबून बघू’ मध्ये अडकतो.

इथेच टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे बाहेरून चुंबकाने मेंदूला चालना देणं) कामाला येतं. डोक्यावर एक कॉइल धरायची, तिच्यातल्या झटपट बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूत अगदी लहानसा करंट तयार होतो आणि हाताचा अंगठा टुणकन हलतो. सुई नाही, भूल नाही. अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेफील्डमध्ये हे 1985 साली दाखवलं. पुढे लागोपाठ दोन झटके देऊन बघायची पद्धत आली, आधी हलका आणि दोन-तीन मिलिसेकंदांनी जोराचा. निरोगी मेंदूत पहिला झटका दुसऱ्याला ब्रेक लावतो, मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये हा ब्रेक सैल पडलेला असतो आणि तो लवकरच सैल पडतो. सिडनीच्या मॅथ्यू कीर्नन आणि स्टीव्ह वुसिक यांच्या गटाने 2015 मध्ये द लॅन्सेट न्यूरॉलॉजीत छापलं की या तपासणीने शंभरातले सुमारे 73 पेशंट पकडले जातात आणि तशीच लक्षणं असलेल्या दुसऱ्या आजारांच्या शंभरातल्या सुमारे 81 जणांना ती बरोबर बाजूला काढते. म्हणजे चुकते, हो चुकते. एकट्या या रिपोर्टवर कोणाला हा आजार आहे म्हणून सांगू नये, पण हातोडीच्या जोडीला हे असायला काय हरकत आहे?

औषधच नाही तर लवकर कळून काय करणार, असं तुमच्याच खात्यातले एक साहेब मला म्हणाले. रिलुझोल हे औषध 1995 पासून आहे, थोडेच महिने देतं पण देतं. एसओडी1 जीनमधल्या बिघाडाने आजार झालेल्यांसाठी अमेरिकेत 2023 साली टोफरसेन या औषधाला परवानगी मिळाली. श्वासाचं मशीन वेळेवर लावता येतं, नको असलेलं मानेचं ऑपरेशन टळतं, नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये नाव घालता येतं, आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो. बाबांचं निदान झालं तोपर्यंत जीभ जड झाली होती, त्यांचा स्वतःचा आवाज आमच्याकडे फक्त लग्नाच्या एका व्हिडिओत आहे, तोही मागे बँड वाजतोय.

मशीन नवीनच घ्या असं नाही म्हणत मी. डिप्रेशनच्या उपचारासाठी टीएमएस आधीच वापरात आहे. तेच मशीन जसंच्या तसं चालेल असं नाही, लागोपाठ दोन झटके देण्याची सोय हवी, अंगठ्याच्या स्नायूची नोंद घ्यायला ईएमजीची जोडणी हवी आणि मुख्य म्हणजे रिपोर्ट वाचता येणारा माणूस हवा. कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोक्यात धातू असलेल्यांना ही तपासणी करत नाहीत, फिट येण्याचा धोका अगदी कमी पण असतो, तेव्हा ट्रेनिंगशिवाय कोणाच्या हाती देऊ नका.

तर पहिलं काम एवढंच करा, कुठल्या सरकारी हॉस्पिटलात हे मशीन आहे आणि तिथल्या मानसोपचार विभागाचं न्यूरॉलॉजीवाल्यांशी बोलणं होतं का, याची यादी मागवा. दोन विभाग बहुतेक एकाच इमारतीत असतात हो.

आपली,
एका पेशंटची मुलगी